भांडण दोन मीटरचे आहे

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
मा. पोलीस उपायुक्त, वाहतूक शाखा, पुणे शहर
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, पुणे महानगर परिवहन महामंडळ (पीएमपीएमएल)

विषय: २४ मीटर रुंदीच्या रस्त्यांवर पादचारी, सायकल, बस, दुचाकी आणि मोटार यांची जागा ठरवण्याबाबत.

महोदय / महोदया,

पुण्यातल्या रस्त्यांविषयी येणाऱ्या पत्रांचे दोन गठ्ठे सहज पडतात. एकात ‘पदपथ मोकळे करा’, दुसऱ्यात ‘गाड्या लावायच्या कुठे ते सांगा’. पुष्कळदा दोन्ही पत्रे एकाच रस्त्याबद्दल असतात, आणि एकाच सोसायटीतून आलेली असतात. उत्तरेही ठरलेली आहेत. पहिल्याला अतिक्रमणाची एक कारवाई, दुसऱ्याला रुंदीकरणाचे आश्वासन. आठवडाभरात पदपथ पुन्हा भरतो आणि रुंदीकरण भूसंपादनात अडकते.

धोरणांचा तुटवडा नाही. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात रस्त्यावरची जागा वाटताना वाहनांऐवजी माणसे मोजा, असे आहे. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि रस्तारचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, २०१८ मध्ये पार्किंग धोरण. प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर आहे. पण सगळे कागद त्याच रस्त्यावर हक्क सांगतात आणि त्यांची बेरीज एकत्र मांडलेली कुठे दिसत नाही. हे पत्र त्या बेरजेबद्दल आहे.

उदाहरणाला २४ मीटरचा रस्ता घेऊ. त्याची नेहमीची आखणी मध्यापासून होते. मधोमध एक मीटरचा दुभाजक, दोन्हीकडे नऊ-नऊ मीटर डांबर, आणि उरेल ते पदपथाला. उरतात अडीच-अडीच मीटर. त्यात झाडांची आळी, विजेचे खांब, फीडर पिलर म्हणजे विजेची मोठी पेटी, कॅमेऱ्याचा खांब, बसथांबा आणि दिशादर्शक फलकाचे दोन पाय. चालायला राहतो सव्वा मीटर, तोही सलग नाही. इकडे नऊ मीटरमध्ये तीन लेन मिळाल्या असे नकाशा सांगतो. प्रत्यक्षात कडेच्या सव्वादोन मीटरवर मोटारी उभ्या असतात आणि त्यांची दारे उघडतात म्हणून शेजारून जाणारा आणखी अर्धा-पाऊण मीटर सोडतो. हलती वाहतूक चालते सहा मीटरवर. तीन लेनचा रस्ता बांधला, दोन वापरल्या आणि तिसरीपायी पदपथ खाल्ला, असा हा हिशेब आहे.

आता हाच रस्ता कडेकडून आखून पाहा. अर्धा रस्ता १२ मीटरचा. भिंतीपासून सुरुवात करायची. चालायला सलग २ मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ मध्ये किमान मोकळी रुंदी १.८ मीटर दिली आहे. दुकानांच्या रांगेपुढे ती पुरत नाही, म्हणून दोन हा तळाचा आकडा धरा. त्याला लागून १ मीटरचा पट्टा झाडे, खांब, विजेच्या पेट्या, बाक यांचा. यातली एकही वस्तू त्या दोन मीटरमध्ये येणार नाही, झाडाचे आळेसुद्धा. मग मध्याकडून या. दुभाजक १.२ मीटर, म्हणजे आपल्या अर्ध्यात ०.६. एवढा रुंद का, तर अर्धा रस्ता ओलांडून थांबलेली बाई आणि तिच्यापुढची बाबागाडी दोघीही कडांच्या आत राहिल्या पाहिजेत. त्यानंतर दोन लेन: आतली ३.१ मीटर, आणि बस चालते ती बाहेरची ३.३. बेरीज १० मीटर होते.

उरतात २ मीटर. सगळे भांडण या दोन मीटरचे आहे. ते भांडण खुशाल होऊ द्या, फक्त ते पदपथाच्या दोन मीटरवर चढू देऊ नका.

‘दोनच लेन ठेवल्या तर कोंडी होईल’ हा आक्षेप पहिल्याच बैठकीत येतो, म्हणून त्याचे उत्तर आधीच देतो. शहरातल्या रस्त्याची क्षमता चौक ठरवतो. सिग्नलला एका दिशेला हिरवा वेळ साधारण एक तृतीयांश मिळतो. हिरव्यात तासाला १,८०० मोटारींच्या दराने वाहणारी लेन अख्ख्या तासात ६०० सोडते. दोन चौकांच्या मध्ये तिसरी लेन दिली तर तिच्यातून वाहने फक्त लाल दिव्यापर्यंत लवकर पोहोचतात. रस्ता मध्ये तीन लेनचा आणि चौकात दोनचा झाला, की तोंड अरुंद असलेल्या नरसाळ्यासारखी अवस्था होते. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये प्रत्येक जण आत घुसायला बघतो, आरसे घासतात, आणि बस थांब्यावरून निघूच शकत नाही. जास्तीची लेन द्यायचीच असेल तर ती चौकाआधीच्या ४०-५० मीटरमध्ये, उजवीकडे वळणाऱ्यांसाठी द्या. तिथे तिचा उपयोग आहे.

मग त्या दोन मीटरचे काय करायचे? तीन पर्याय आहेत.

पहिला, पार्किंग. १०० मीटर लांबीत, मोटार रस्त्याला समांतर लावली तर एकीला ६ मीटर लागतात. सोसायट्यांची फाटके, चौकाजवळची मोकळी जागा आणि बसथांबा वजा केला की दहा-बारा मोटारी बसतात. त्या सकाळी लागल्या आणि संध्याकाळी निघाल्या, तर त्या शंभर मीटरचा उपयोग दिवसभरात दहा-बारा घरांना झाला, तोही फुकट. त्याच पट्ट्यात दुचाकी आडव्या लावल्या तर साठ-सत्तर मावतात, कारण दुचाकीची लांबी दोन मीटरच्या आसपास असते. दुकानदारांशी बोलताना हा आकडा सांगा. एका मोटारीच्या जागेत सहा गिऱ्हाइके उतरतात. पार्किंग द्यायचेच तर आधी दुचाकीला द्या, मोटारीला तासाचे पैसे लावा, आणि दर असा ठेवा की दर सात-आठ जागांमागे एक रिकामी दिसावी. जागा शोधत संथपणे फिरणारी मोटार उभ्या मोटारीपेक्षा जास्त अडवते.

इथे सम-विषम तारखांच्या पार्किंगबद्दल थोडे. पेठांमध्ये पी-१, पी-२ ची पद्धत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा तोटा दिसत नाही. आज डावीकडे गाड्या, उद्या उजवीकडे. त्यामुळे चालती लेन रोज बाजू बदलते आणि रस्त्याची कुठलीच कड कायमची होत नाही. पदपथ अर्ध्या मीटरनेही वाढवता येत नाही, कारण एक दिवसाआड तिथे गाडी लागणार असते. झाड लावता येत नाही, थांब्याची शेड बांधता येत नाही. त्याऐवजी पार्किंग एका बाजूला कायम करा, आणि दर ६०-७० मीटरनंतर बाजू बदला. सरळ रस्त्याला हलके वळण येते, वेग आपोआप कमी होतो आणि सुटलेल्या बाजूला पदपथ सलग वाढतो. ‘समोरच्याच्या दारात गाड्या, माझ्या दारात नाहीत’ हे गाऱ्हाणेही उरत नाही, कारण पुढच्या टप्प्यात बाजू पालटलेली असते.

दुसरा पर्याय, सायकल. दोन मीटर एकेरी सायकलमार्गाला पुरतात, एक सायकल दुसरीला ओलांडू शकते. पण पदपथावर लाल रंगाचा पट्टा मारून सायकलमार्ग होत नाही. बिघडते ते तीन जागी. एक, सोसायटीच्या फाटकाशी: मार्ग खाली उतरतो, पुन्हा चढतो, शंभर मीटरमध्ये चार वेळा. सायकलवाला दुसऱ्या दिवशी डांबरावर जातो. फाटकापुढे मार्ग आणि पदपथ त्याच उंचीवर सरळ जाऊ द्या, उतार फक्त कडेच्या अर्ध्या-पाऊण मीटरमध्ये द्या. चढायचे ते मोटारीने चढावे. दोन, पावसाळी गटाराच्या जाळ्या. जाळीच्या फटी प्रवासाच्या दिशेला समांतर बसवल्या तर अरुंद टायर थेट आत जातो. जाळी नव्वद अंशांत फिरवून बसवायला एक पैसा जास्त लागत नाही, पण ते नकाशात लिहावे लागते, नाहीतर गवंडी जशी बसेल तशी बसवतो. तीन, बसथांबा. इथे सायकल आणि बस एकमेकांना छेदतात, आणि थांब्यावर उतरणारा माणूस दोघांच्या मध्ये सापडतो. आपल्या हातात भिंतीपासून लेनपर्यंत ५ मीटर आहेत. थांब्यापाशी त्यांची वाटणी बदला: लेनला लागून २ मीटरचे बेट, त्यावर शेड, मागून १.२ मीटरची सायकलवाट, पदपथाच्या उंचीला आणलेली, आणि १.८ मीटर चालायला. बेटावर जायला सायकलवाटेवरून झेब्रा. जागा तंग आहे, पण कोणाला बससमोर जावे लागत नाही.

तिसरा पर्याय बसचा. स्वतंत्र मार्गिकेला ३.३ मीटर लागतात आणि आपल्याकडे दोन उरले आहेत, म्हणून बाहेरची लेन बसला द्यायची, आणि आतली ३.१ अधिक हे २ मिळून ५.१ मीटर इतर वाहनांना. आपल्या मिश्र वाहतुकीत ५.१ मीटरवर एक मोटारींची आणि तिच्या शेजारी एक दुचाक्यांची रांग चालते. सायकलला मग वेगळी वाट राहत नाही. ही किंमत आहे आणि ती लपवू नये.

ही किंमत कधी द्यावी? वर म्हटल्याप्रमाणे एक लेन तासाला ६०० मोटारी सोडते. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर ९००. दुचाकीला मोटारीच्या अर्धी ते पाऊण जागा लागते; तिच्यावर सव्वा माणूस धरून लेन नुसत्या दुचाक्यांनी भरली तर हजार ते दीड हजार. आता दर तीन मिनिटांना एक बस, प्रत्येकीत साठ माणसे: १,२००. म्हणजे जवळपास बरोबरी. दर दीड मिनिटाला बस आली तर २,४००. तेव्हा तासाला वीस बसपेक्षा कमी असतील तर त्या रस्त्यावर मार्गिका मागू नये, आम्हीही मागणार नाही. चाळीस असतील तर ती न देणे म्हणजे बसमधल्या माणसाला अर्धे मोजणे. मधल्या आकड्यांवर सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांपुरती द्यावी.

कात्रज–स्वारगेट–हडपसरचा बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, मार्ग २००६ मध्ये सुरू झाला तेव्हापासून ‘मार्गिका रिकामी दिसते’ ही तक्रार ऐकू येते. नगर रस्त्यावरचा मार्ग २०१६ मध्ये सुरू झाला आणि पुढे उखडण्यात आला. दीड मिनिटाला एक बस जाणारी मार्गिकासुद्धा शेजारच्या कोंडीतून पाहणाऱ्याला बहुतेक वेळ रिकामीच दिसणार, हे आधी सांगायला हवे होते. पण बस दहा मिनिटांनी येत असेल तर ती खरोखरच रिकामी असते. त्यामुळे क्रम असा असावा: आधी त्या रस्त्यावर फेऱ्या वाढवायच्या, वेळापत्रक तीन महिने टिकवायचे, मग रंग मारायचा. जून २०२५ पासून पीएमपीचे किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले. जवळच्या अंतरासाठी दुचाकीला किक मारायची की थांब्यावर उभे राहायचे, याचा हिशेब लोक रोज करतात, आणि त्या हिशेबात आता बसची वक्तशीरपणाची बाजू तरी जड असायला हवी.

थांब्याबद्दल एक आग्रह: बस-बे बांधणे थांबवा. कडेला खोबण करून बस आत घ्यायची ही कल्पना महामार्गावर ठीक आहे. शहरात त्या खोबणीत रिक्षा उभी असते, बस तिरकी थांबते, पुढचे दार कडेला आणि मागचे दार एक मीटर लांब. माणसे डांबरावर उतरतात. पुढच्या वेळी ती डांबरावरच वाट पाहत उभी राहतात, म्हणून बस आणखी लांब थांबते. शिवाय आत गेलेल्या बसला बाहेर पडायला कोणी वाट देत नाही. उलट करा: थांब्यापाशी पदपथच लेनपर्यंत पुढे आणा, बस आपल्या लेनमध्ये सरळ थांबेल आणि सरळ निघेल. मागची मोटार पंधरा-वीस सेकंद थांबेल. थांबू द्या. जागा सिग्नलच्या पलीकडची निवडा. अलीकडे ठेवली तर माणसे चढेपर्यंत हिरवा जातो आणि बस पुढचा लाल पुरा भोगते.

जंगली महाराज रस्त्याचे नाव पूर्वी खड्डे न पडणाऱ्या डांबरासाठी निघायचे, आता रुंद पदपथासाठी निघते. तो पुरावा सोबत आहेच. पण त्याच्यामागे एकेरी वाहतूक आहे हे विसरू नये. जंगली महाराज रस्त्याने डेक्कनकडे, फर्ग्युसन रस्त्याने उलट. जाण्याचा थांबा एका रस्त्यावर आणि येण्याचा दुसऱ्यावर. एकेरीने चौकात एकमेकांना छेदणाऱ्या दिशा कमी होतात आणि सिग्नल सोपे होतात, पण वेग वाढतो आणि जवळच जाणाऱ्याला लांबचा वळसा पडतो. उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्यांचा उगम बराचसा या वळशात आहे. दुसरा उगम दुभाजकात. पुढची फट सातशे मीटरवर असेल तर दीडशे मीटर मागे जायचे असलेला माणूस काय करेल, हे सांगायला संशोधन लागत नाही. तो पदपथावर चढतो.

मग आपण पदपथाच्या तोंडाशी बोलार्ड, म्हणजे आखूड खांब, लावतो. इथे एक बारीक गोष्ट आहे जी निविदेत हमखास चुकते. चाकाच्या खुर्चीला जायला ९० सेंटिमीटर फट लागते. स्कूटरचे हँडल साधारण ७० सेंटिमीटर असते. खुर्ची जाईल आणि स्कूटर अडेल असे कोणतेही अंतर अस्तित्वात नाही. फट ६० वर आणली तर स्कूटर अडते आणि खुर्चीवालाही घरी बसतो. बोलार्ड मोटारींसाठी ठेवा, ९० ते १०० सेंटिमीटरवर. दुचाकीचा इलाज दुभाजकातल्या योग्य जागच्या फटीत आहे, आणि पहिल्या महिन्यात त्या जागी उभ्या असलेल्या हवालदारात. मिरवणुकीच्या रस्त्यांवर बोलार्ड काढता येणारे हवेत, कुलपाची किल्ली क्षेत्रीय कार्यालयात. नाहीतर गणपतीत ते गॅस कटरने कापले जातात आणि त्यांचे टोकदार बुंधे वर्षभर ठेचा देत राहतात.

सिग्नलचा हिशेब या रुंदीशीच जोडलेला आहे. आधीच्या आखणीत रस्ता ओलांडायला ९ + १ + ९ म्हणजे १९ मीटर जावे लागत होते. नव्या आखणीत ६.४ + १.२ + ६.४, म्हणजे १४. चालण्याचा नेहमीचा हिशेबी वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाचा ०.८ च्या आसपास असतो. त्याला आधी २४ सेकंद लागत, आता साडेसतरा. वाहनांना अडवणारे सहा सेकंद सिग्नलच्या प्रत्येक फेऱ्यात (एका हिरव्यापासून पुढच्या हिरव्यापर्यंत) वाचले, आणि ते पदपथ वाढवल्यामुळे वाचले. मोटारवाल्यांना हे पटवून सांगता येईल.

१८० सेकंदांचे फेरे मात्र कमी करा. चार दिशांच्या चौकात दिवा बदलताना दर वेळी चार-पाच सेकंद वाया जातात, मिळून १८ धरा. १८० च्या फेऱ्यात ते १० टक्के, १२० च्या फेऱ्यात १५ टक्के. लांब फेऱ्याने मिळतात ते हे पाच टक्के. त्यासाठी पादचाऱ्याला दोन-अडीच मिनिटे उभे करायचे, आणि तो चाळीस सेकंदांनंतर लालमध्येच निघाला की बेशिस्त म्हणायचे. शिवाय लांब लालमध्ये रांग मागच्या चौकापर्यंत पोहोचते आणि मग तिथला हिरवाही फुकट जातो. आणि ‘डावीकडे मोकळा’, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळण्याची मुभा, हा प्रकार गर्दीच्या चौकांतून काढा. कोपरा मोठ्या गोलाईने कापलेला असतो, मोटार वेग न कमी करता वळते, आणि पदपथावरून झेब्र्याकडे जाणाऱ्याला कधीच त्याची पाळी मिळत नाही. कोपऱ्याची त्रिज्या ६ मीटरवर आणा, बस वळत असेल तिथे ९. वळणारी मोटार आपोआप मंदावते आणि झेब्राही चौकाजवळ सरकतो.

वेगाबद्दल एकच आकडा देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार मोटारीने पुढून धडक दिलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ताशी ५० वरून ६५ किलोमीटरवर जाताना साडेचारपट होतो. रात्री अकरानंतर रुंद, सरळ रस्त्यांवर काय वेग असतो ते वाहतूक शाखेला सांगायला नको.

आता पदपथाच्या बांधणीकडे. आराखडा चांगला असून काम फसते ते इथे, त्यामुळे जरा तपशिलात जातो.

मोजमापाने सुरुवात करा. ‘पदपथ तीन मीटरचा आहे’ या वाक्याला अर्थ नाही. त्याची सर्वांत अरुंद जागा किती, हे विचारा. त्यासाठी यंत्र लागत नाही. १.८ मीटर लांबीची बांबूची काठी कापा, पोटाच्या उंचीवर आडवी धरा आणि पदपथावरून सरळ चालत जा. जिथे काठी अडेल तिथे खडूने खूण करा आणि कशाला अडली ते लिहा: खांब, विजेची पेटी, दुकानाची पायरी, जाहिरातीचा फलक, उभी स्कूटर. एका माणसाला किलोमीटरभर पदपथाला तासभर पुरतो. यादी हाती आली की लक्षात येते, बराच भाग पथारीवाल्यांनी अडवलेला नसून आपल्याच खात्यांनी आणि वीज-केबलवाल्यांनी अडवलेला आहे. पथारीवाला टोपली उचलतो, फीडर पिलर उचलत नाही.

उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको. ती वाढते कशी, तर डांबराच्या थरांनी. जुना थर न खरवडता नवा ३ ते ५ सेंटिमीटरचा थर टाकला की रस्ता वर येतो, चेंबरची झाकणे खड्ड्यात जातात, पाणी दुकानात शिरते. मग पदपथ उचलला जातो, मग फाटकाचे उतार लांबतात आणि तेवढा पदपथ तिरका होतो. प्रत्येक थराआधी जुना थर यंत्राने खरवडणे निविदेत सक्तीचे करा, आणि बिलाबरोबर कडेच्या दगडाची उघडी उंची दर २० मीटरवर मोजून मागवा. झेब्र्यापाशी उतार १ ला १२, रुंदी किमान १.२ मीटर, आणि तळाशी डांबराशी शून्य पायरी. दोन सेंटिमीटरची पायरीसुद्धा खुर्चीचे पुढचे चाक अडवते.

पेव्हर ब्लॉक डगमगतात त्याचे कारण ब्लॉकमध्ये क्वचितच असते. केबलसाठी चर खणला जातो, निघालेली मातीच राडारोड्यासह परत लोटली जाते, वरून ब्लॉक ठेवले जातात. पहिल्या पावसात माती बसते. चर १५-१५ सेंटिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने ठोकला पाहिजे, वर ३-४ सेंटिमीटर वाळू, मग ६ सेंटिमीटरचा ब्लॉक, आणि दोन्ही कडांना पक्का दगड, म्हणजे ब्लॉक बाजूला सरकत नाहीत. बिल चौरस मीटरवर निघते आणि वरून पाहणाऱ्याला चौरस मीटरच दिसतात, म्हणून ठोकणी वगळली जाते. भरण्याच्या वेळी कनिष्ठ अभियंता उभा असेल तरच पैसे, एवढी एक अट घाला. नवीन काम करताना प्रत्येक चौकाखाली तीन-चार रिकामे पाइप टाकून ठेवा. पुढची केबल न खोदता जाईल. आणि अंधांसाठीच्या पिवळ्या फरश्या: रेघांची फरशी म्हणजे चालत राहा, ठिपक्यांची म्हणजे थांब. रेघांची रांग विजेच्या पेटीत जाऊन संपत असेल तर ती न लावलेलीच बरी.

रिक्षा, टेंपो आणि पथारी यांना आराखड्यात जागा दाखवली नाही तरी ते येणारच. मेट्रो स्थानकाच्या जिन्यापासून तीस मीटरच्या आत सहा रिक्षांची रांग आखा, नाहीतर ती जिन्याच्या तोंडाशी लागते. माल उतरवायला दर शंभर-दीडशे मीटरला एक टेंपोची जागा, सकाळी अकरापर्यंत, नंतर तीच दुचाकींना. पथारीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आणि नगर पथविक्रेता समिती आहे. त्यांची जागा त्या एक मीटरच्या पट्ट्यात, झाडांच्या मध्ये, तोंड पदपथाकडे.

आमची मागणी एका रस्त्यापुरती आहे. २४ मीटरचा, तासाला किमान वीस बसच्या फेऱ्या असलेला, दीड-दोन किलोमीटरचा एक तुकडा निवडा. शेजारी समांतर रस्ता असेल तर उत्तम. एकावर बस, दुसऱ्यावर सायकल असे वाटता येते. पक्के बांधकाम आधी नको. रंग, प्लॅस्टिकचे खांब आणि कुंड्या वापरून नवी आखणी दिवाळीनंतर करा. थर्मोप्लास्टिकचे पट्टे कोरड्या डांबरावरच धरतात, पावसाळ्यात मारलेले सोलून निघतात. ११ डिसेंबरला पादचारी दिनासाठी लक्ष्मी रस्त्याचा भाग वाहनांना बंद होतो, वळणे बसवली जातात, पोलीस उभे राहतात. तेच कौशल्य एका दिवसाऐवजी सहा आठवडे वापरायचे आहे.

आधी आणि नंतर मोजायचे ते असे. एका आडव्या रेषेवरून तासाला किती माणसे गेली, म्हणजे बसमधली, मोटारीतली, दुचाकीवरची, चालणारी, सगळी. बसला तो तुकडा पार करायला लागलेली मिनिटे, पीएमपीच्या जीपीएस नोंदींवरून. पार्किंग दर अर्ध्या तासाने, नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे लिहून, म्हणजे गिऱ्हाइकाची गाडी कोणती आणि दिवसभर मुक्कामाची कोणती ते कळते. रात्री अकरानंतरचा वेग. आणि बांबूची काठी किती ठिकाणी अडली. पहिले दोन आठवडे आकडे वाईट येतील, कारण लोक जुन्या सवयीने गाडी आणतात. ते धरू नका. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याचे आकडे धरा आणि सगळे जाहीर करा, आमच्या विरुद्ध गेले तरी.

त्या तुकड्याच्या नकाशावर तिन्ही कार्यालयांच्या सह्या एकाच कागदावर हव्यात: पथ विभाग, वाहतूक शाखा, पीएमपी. वीज आणि मलनिःसारण या खात्यांचीही नोंद त्यावर हवी. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विनाअडथळा पदपथ हा अनुच्छेद २१ खालचा हक्क असल्याचे सांगितले आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८अ नुसार रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणा, सल्लागार व ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सही कोणाची, हे त्या वेळी शोधत बसण्यापेक्षा आत्ता कागदावर असलेले बरे.

मोजणीचे कोरे तक्ते आणि २४ मीटरच्या छेदाचा १ ला १०० प्रमाणातला नकाशा, तिन्ही पर्यायांसह, सोबत जोडला आहे. तुकडा ठरला की कळवावे. पहिल्या मोजणीसाठी सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ या वेळांत आम्ही रस्त्यावर येऊ.

आपले,
रस्त्यांची आखणी, वाहतूक मोजणी आणि बांधकामाची देखरेख करणारे काहीजण
पुणे